बियांवर वाढलेली पिल्लं

आपली चिमणी दाणे टिपते, पण घरट्यात पिल्लं आली की अळ्यांच्या मागे लागते. बहुतेक दाणेखाऊ पक्ष्यांचं असंच आहे, कारण वाढत्या अंगाला लागणारी प्रथिनं किड्यांत भरपूर मिळतात. लडाखच्या उंच, उघड्या माळांवर राहणारा ट्वाइट मात्र पिल्लांनाही बियाच भरवतो.

फिंच कुळातला हा तपकिरी रेघांचा पक्षी जेमतेम १५-१६ ग्रॅमचा. नराच्या कंबरेवर गुलाबी झाक असते आणि हिवाळ्यात चोच पिवळी होते. बाकी रूप साधंच. करामत आहे ती चोचीच्या आत. टाळूच्या कडेला असलेल्या खाचेत जीभ बी अडकवते, खालची चोच टरफल चिरते, जीभ बी फिरवत राहते आणि फोलपट गळून पडतं. असे सोललेले दाणे अन्ननलिकेत साठवून आई-बाप घरट्याकडे परततात आणि त्यांचा लगदा पिल्लांच्या चोचीत ओकतात.

वीण त्यामुळे किड्यांवर अडून राहत नाही, तणांना बी कधी धरतं यावर ठरते. चिकात आलेलं बी मऊ असतं, पिल्लांना ते सोपं जातं. पण हा आहार ऐऱ्यागैऱ्याला झेपत नाही. अमेरिकेत काऊबर्ड दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालतो. हाउस फिंच या ट्वाइटच्या भाऊबंदाकडे घातली, तर काऊबर्डचं पिल्लू बियांवर सहसा जगत नाही. फिंचला फसवणं काऊबर्डला परवडत नाही म्हणायचं!

तिबेट-मध्य आशियाच्या पठारांवर ट्वाइट आहे आणि थेट नॉर्वे-स्कॉटलंडकडेही आहे; मधल्या विस्तीर्ण पट्ट्यात मात्र त्याची वीण होत नाही. हिमयुगातल्या सलग माळरानाचे हे दोन उरलेले तुकडे असावेत, असं मानलं जातं.

इंग्लंडमध्ये त्याची गाठ शेतीच्या वेळापत्रकाशी पडली. मुरघासासाठी, म्हणजे आंबवून साठवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी, गवत लवकर कापलं जाऊ लागलं, फुलांच्या कुरणांचा बहुतेक भाग विसाव्या शतकात गेला आणि तणांना बी धरायला सवडच उरली नाही. पेनाइन डोंगरांत आता काही कुरणांत डँडेलियन, सॉरेल या रानवनस्पतींचं बी मुद्दाम पेरतात आणि कापणी लांबवतात. किडे खाणाऱ्या पक्ष्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला नसता, असं मला वाटतं.