एलईडी निऑन फलक

एलईडी निऑन फलक : लवचीक एलईडी पट्टी दुधी सिलिकॉनच्या किंवा पीव्हीसीच्या आवरणात बसवून आणि ती अक्षराच्या वळणाने वाकवून केलेला प्रकाशफलक. नावात निऑन असले तरी आत वायू नसतो, काच नसते आणि उच्च दाबाची वीजही नसते. त्यामुळेच हे काम कारखान्यातून निघून घरातल्या टेबलावर आले. कॅफेची भिंत, हळदीच्या किंवा लग्नाच्या मंचामागचा पडदा, घरगुती गणपतीची आरास अशा ठिकाणी हे फलक आता सर्रास दिसतात.

विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या रसायनशास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये लंडनमध्ये निऑन वायू वेगळा केला. फ्रेंच अभियंते झॉर्झ क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनच्या नळ्या उजळून दाखवल्या. खरी निऑन नळी ज्योतीवर तापवून, फुंकून वाकवावी लागते. मग ती निर्वात करून तीत वायू भरतात आणि टोकांच्या इलेक्ट्रोडना काही हजार व्होल्ट देतात. निऑनचा स्वतःचा रंग लालसर नारिंगी असतो. निळ्यासाठी आर्गॉन आणि पाऱ्याची वाफ वापरतात, इतर छटांसाठी काचेला आतून लेप देतात. हे हौसेने घरी करण्याचे काम कधीच नव्हते. एलईडीच्या बाजूने पाहिले तर तांबडा दिवा १९६० च्या दशकातच आला होता, पण निळा येईपर्यंत पांढऱ्या किंवा गुलाबी उजेडाची सोय नव्हती. तेजस्वी निळ्या एलईडीबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले.

बाजारात मिळणारी सर्वसाधारण पट्टी १२ व्होल्ट डीसीवर चालते. तिची रुंदी ६ किंवा ८ मिमी असते आणि दर मीटरला बहुधा १२० एलईडी असतात. तीन एलईडी आणि एक रोधक (प्रवाह मर्यादित ठेवणारा भाग) असा गट एका ओळीत, आणि असे गट एकमेकांना समांतर, ही तिची अंतर्रचना. म्हणून पट्टी हवी तेथे कापता येत नाही. दोन गटांमधल्या खुणेवरच, म्हणजे साधारण दर २.५ सेंमीवर, ती कापायची असते. खूण चुकवून कापली की तो गट विझतो. आवरण दुधी असल्याने ठिपके मिसळून अखंड रेघ दिसते. खऱ्या नळीचा उजेड मात्र चहूबाजूंनी पडतो आणि हिचा मुख्यतः समोरून, म्हणून बाजूने पाहिल्यास फरक लगेच कळतो. रंगांत नारिंगी, लाल आणि उबदार पांढरा हे खऱ्या निऑनच्या सर्वांत जवळ जातात. थंड निळसर पांढरा कितीही चांगला बसवला तरी ट्यूबलाइटचीच आठवण करून देतो.

घरगुती पद्धतीत शब्द मूळ आकारात ए-४ कागदांवर छापून ते कागद एकमेकांना चिकटवतात. छापील अक्षर जाड-बारीक असते, पट्टीची जाडी मात्र एकच. म्हणून अक्षराच्या मधोमध एक रेघ काढून घेतात आणि तिच्यावर सुतळी ठेवून लांबी मोजतात. ही लांबी २.५ सेंमीच्या पटीत बसेल असे अक्षर थोडे लहानमोठे करावे लागते. पाठीला ५ मिमीचे पारदर्शक अॅक्रिलिक चांगले; सनबोर्ड, म्हणजे फोमसारखा हलका प्लॅस्टिकचा फळा, स्वस्त आणि कटरने कापण्याजोगा, पण मोठ्या आकारात तो वाकतो. व्यावसायिक कारागीर यंत्राने अॅक्रिलिकमध्ये खाच पाडून पट्टी तीत दाबून बसवतात. घरी ती रेघेवर चिकटवतात. पीव्हीसीचे आवरण झटपट गोंदाने बसते, सिलिकॉनला तो गोंद धरत नाही. त्याला सिलिकॉन सीलंट किंवा क्लिपाच लागतात. पट्टी एकाच पातळीत वाकते. तिला पीळ दिला तर आतला तांब्याचा मार्ग तुटतो, आणि तो कुठे तुटला हे बाहेरून दिसत नाही.

खरी कसोटी देवनागरीत लागते. रोमन लिपीतला वळणदार छोटा शब्द एकदोन तुकड्यांत उरकतो, पण ‘मोरया’ लिहायचे तर शिरोरेघ वेगळी, ‘म’चे अंग आणि त्याचा दंड, काना, वरची मात्रा, ‘र’, ‘य’चे अंग, दंड आणि पुन्हा काना असे आठ-नऊ तुकडे होतात. एका पातळीत दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. जेथे रेघ रेघेला छेदते तेथे एक पट्टी तोडावीच लागते. प्रत्येक तुकड्याला दोन तारा सोल्डर करून, पाठीला बारीक भोके पाडून त्या मागे काढायच्या आणि तेथे सगळ्या अधिक (+) तारा एकत्र, सगळ्या उणे (−) तारा एकत्र जोडायच्या. अनुस्वार सर्वांत अवघड, कारण २.५ सेंमीपेक्षा लहान तुकडा पेटत नाही आणि तेवढ्याचा गोल ठिपकाही होत नाही. तो तिरक्या छोट्या रेघेसारखा लावतात. ती रेघ ठिपका वाटावी इतकी बाकीची अक्षरे मोठी हवीत, अक्षरे १५ सेंमीपेक्षा लहान असली तर ती विजोड दिसते. अनेक जण शिरोरेघच गाळतात. त्याने तुकडा एकच वाचतो आणि शब्द मात्र विस्कटतो. ती ठेवावी आणि अक्षरे तिच्यापासून पट्टीच्या जाडीइतकी खाली टांगावीत, हे बरे. मोडीत शिरोरेघ आधी ओढून अक्षरे टाक फारसा न उचलता लिहीत. ते वळण या पट्टीला देवनागरीहून सोयीचे आहे, तरी मोडीतले फलक क्वचितच कोणी करते.

विजेचा हिशेब सोपा आहे. मीटरला १० वॅट धरले तर तीन मीटरच्या फलकाला ३० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर २.५ अँपिअर लागतात. थोडी जागा सोडून ३ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. एकाच टोकाने लांब पट्टीला वीज दिली तर दुसरे टोक मंद पडते. साधारण पाच मीटरपुढे दोन्ही टोकांनी वीज द्यावी किंवा २४ व्होल्टची पट्टी घ्यावी, कारण तिला तेवढ्याच उजेडासाठी निम्मा प्रवाह लागतो. १२ व्होल्टने झटका बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण जोड उघडा राहून शॉर्ट झाला तर तार तापून सनबोर्ड वितळू शकतो. सोल्डरच्या प्रत्येक जोडावर हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आकसून जोड झाकणारी) हवीच. अडॅप्टर बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीचा घ्यावा, त्याच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतात. रिळावर गुंडाळलेली पट्टी तपासण्यापुरतीच लावावी, गुंडाळीत उष्णता कोंडते. स्वस्त डिमर प्रकाश कमी करण्यासाठी वीज वेगाने चालू-बंद करतात. डोळ्याला ते जाणवत नाही, मोबाइलच्या चित्रीकरणात मात्र काळे पट्टे सरकताना दिसतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि लोहार चाळ, पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथे पट्टी, अडॅप्टर आणि सुटे सामान मिळते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यानंतर मखरांना पर्याय शोधले गेले, त्यांत हे फलकही आले. सनबोर्ड हेही प्लॅस्टिकच, त्यामुळे हा पर्याय पर्यावरणाचा म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. फायदा इतकाच की फलक जपून ठेवला तर पुढल्या वर्षीही चालतो. उघड्यावर लावायचा असेल तर टोकांच्या टोप्या सीलंटने बंद कराव्यात. उन्हात पीव्हीसी पिवळे पडते, सिलिकॉन जास्त टिकते. एखादा गट विझला तर आवरण चिरून तेवढाच भाग खुणेवर कापतात आणि नवा तुकडा सोल्डर करतात. नव्या तुकड्याचे पांढरे जुन्याहून किंचित वेगळे निघते, म्हणून जाणकार सुरुवातीलाच त्याच रिळातला हातभर तुकडा बाजूला काढून ठेवतात.