जमैकन फळवटवाघूळ

जमैकन फळवटवाघूळ (शास्त्रीय नाव आर्टिबियस जमैकेन्सिस) हे अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातले मध्यम आकाराचे वटवाघूळ. विल्यम लीच याने १८२१ साली त्याचे वर्णन केले. नावात जमैका असली तरी मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत आणि कॅरिबियन बेटांवर ते सर्रास आढळते.

फळे खाणारे वटवाघूळ म्हटले की कोल्ह्याच्या तोंडवळ्याचा मोठा प्राणी डोळ्यांपुढे येतो. आशिया-आफ्रिकेतल्या त्या कुळाशी याचे जवळचे नाते नाही. हे पर्णनासिक कुळातले: नाकावर भाल्याच्या पात्यासारखी कातडीची उभी पाळी, चेहऱ्यावर फिकट पट्टे, शेपूट नाहीच. वजन साधारण ४० ते ६० ग्रॅम. उडताना ते प्रतिध्वनीवरून अंदाज घेते, पण पिकलेले फळ हुडकते ते मुख्यतः वासावर. त्याची आवडती फळे वड-उंबराच्या जातकुळीतली. त्यांतली काही पिकली तरी हिरवीच राहतात, तेव्हा रंगाचा उपयोगही नाही.

फळ तोडल्यावर ते त्याच झाडावर सहसा खात नाही. लगडलेल्या झाडाभोवती घुबडे आणि साप टपून असतात. फळ तोंडात धरून ते दूरच्या अंधाऱ्या फांदीवर जाते, उलटे लटकून लचके तोडते, चावून रस गिळते आणि चोथा थुंकते. सकाळी त्या फांदीखाली चोथ्याच्या दाबलेल्या गोळ्यांचा सडा दिसतो. गिळलेल्या बारीक बिया अर्ध्या तासाच्या आत विष्ठेतून बाहेर पडतात, पुष्कळदा उडता उडताच. झाडाचा प्रसार होतो तो असा.

चांदणे त्याला मानवत नाही. पनामा कालव्यासाठी अडवलेल्या गातुन तलावातल्या बारो कोलोरादो बेटावर १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासात दिसले, की पौर्णिमेच्या आसपास चंद्र वर आला की ही वटवाघळे खाणे सोडून ढोलीत परततात आणि तो कलल्यावर पुन्हा निघतात. ढोलीत एक नर आणि त्याच्याभोवती अनेक माद्या असा संसार असतो. काही जण मोठ्या पानाच्या शिरा कुरतडून त्याचा तंबूही करतात.

पनामात मादी वर्षातून दोनदा विते, प्रत्येक वेळी बहुधा एकच पिल्लू. दुसऱ्या वेतानंतर राहिलेला गर्भ नोव्हेंबरपर्यंत जवळजवळ वाढतच नाही. पिल्लू जन्मते मार्च-एप्रिलच्या सुमारास, रानात फळे मुबलक असताना.