दहावा नसलेलं दुःख

नाशिकच्या रामकुंडावर सकाळी कधीही जा, कुणाचा ना कुणाचा दहावा चाललेला असतो. पिंडाला कावळा शिवेपर्यंत माणसं ताटकळतात, एकमेकांना धरून असतात. दुःखाला तिथे जागा आहे, दिवस मोजून दिलेले आहेत.

तिथून रिक्षाने थोड्याच अंतरावर कॉलेज रोड. तिथल्या एका क्लासच्या जिन्यात अकरावीतली माझी एक विद्यार्थिनी बसली होती. हातात मोबाइल, स्क्रीनवर 'त्याचं' लास्ट सीन. आठ महिन्यांचं नातं एका मेसेजवर संपलेलं. चार दिवस अन्न जात नव्हतं. "आई म्हणते, या वयात कसलं आलंय प्रेमबिम!"

केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाविषयी लिहिलं: जे समाज दुःख म्हणून मोजतच नाही. सुतक नाही, भेटायला येणारं कुणी नाही. मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून मला शरीराची बाजू मांडावीशी वाटते. कारण शरीर हे दुःख पुरेपूर मोजतं.

२०११ मध्ये ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी नुकताच प्रेमभंग झालेल्या ४० जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. एकदा त्यांना सोडून गेलेल्या माणसाचा फोटो दाखवला, एकदा हाताला सोसेल इतपत चटका दिला. शरीराची वेदना नोंदवणारे मेंदूतले काही भाग दोन्ही वेळा जागे झाले. पुढच्या संशोधनात या दोन वेदनांचे ठसे वेगळे ओळखता आले, त्यामुळे दोन्ही एकच असं म्हणता येणार नाही. पण "काही झालेलं नाही तुला" असंही म्हणता येणार नाही.

तिचं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. "मॅडम, दिवसभर कसंतरी जातं. साडेदहाला त्याचा गुड नाइट यायचा. साडेदहा वाजले की पोटात खड्डा पडतो."

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांचे माकडांवरचे प्रयोग इथे आठवतात. दिवा लागला की थोड्या वेळाने फळाचा रस, असं माकडाला शिकवलं. सुरुवातीला रस मिळाल्यावर डोपामाइनच्या, म्हणजे बक्षिसाशी जोडलेल्या मेंदूतल्या रसायनाच्या, पेशी उसळायच्या. सवय झाल्यावर नुसता दिवा लागला तरी उसळू लागल्या. मग एकदा रस दिलाच नाही. तेव्हा नेमक्या रस मिळायच्या क्षणी त्या पेशी नेहमीच्या पातळीच्याही खाली गेल्या. म्हणजे मेंदू नुसतं सुख मोजत नाही, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतो. माकडाच्या रसापासून माणसाच्या प्रेमापर्यंतची उडी लांबची आहे, हे मान्य. तरी हेलन फिशर यांच्या गटाने २०१० मध्ये नकार पचवत असलेल्या १५ जणांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवला, तेव्हा डोपामाइनशी निगडित हेच भाग पेटलेले दिसले.

आता अपेक्षा केवढ्या होत्या, तेही ऐका. दोघांनी पुण्यात एकाच कॉलेजात इंजिनीअरिंग करायचं, एकाच कंपनीत नोकरी, मग लग्न. गंगापूर रोडला फ्लॅटसुद्धा ठरला होता. सोळाव्या वर्षी बक्षिसाची ओढ भरात असते आणि तिला लगाम घालणारा कपाळामागचा मेंदू पंचविशीपर्यंत घडतच असतो. म्हणून हा मनोरा उंच उभा राहतो. तो मूर्खपणा नाही, ते वय आहे.

उपायांबाबत मला एकच अभ्यास फार जवळचा वाटतो. १९९९ मध्ये स्ट्रोब आणि शूट यांनी मांडलं, की शोकातलं माणूस लंबकासारखं हेलकावतं: कधी दुःखात बुडतं, कधी रोजच्या कामाला लागतं, आणि दोन्ही गरजेचं असतं. सकाळी रडलेली मुलगी संध्याकाळी मैत्रिणींबरोबर मिसळ खाताना खळखळून हसली, तर सकाळचं रडणं खोटं ठरत नाही. चॅट आणि डीपी मात्र काही आठवडे नजरेआड ठेवलेले बरे. दिवा दिसत राहिला की रसाची वाट पाहणं थांबत नाही.

मरणाची भाषा कानावर आली, तर तासभरही थांबू नका. मुलाला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो.

त्या दिवशी जिन्यात मी तिला यातलं काहीच सांगितलं नाही. शेजारी बसले आणि विचारलं, "कसा होता गं तो?" पाऊण तास ती बोलत होती. मग ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मॅडम, खाली वडापाव मिळेल का?"