वेळासची कासवं : अंडी काढणारेच राखणदार झाले त्याची पार्श्वभूमी

फेब्रुवारी सरत आला की मुंबई-पुण्याकडच्या गाड्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासकडे वळू लागतात. सकाळी आणि संध्याकाळी पुळणीवर दोरी बांधलेली असते, दोरीमागे माणसं दाटीने उभी असतात आणि तळहातात सहज मावतील अशी कासवाची पिल्लं ओल्या वाळूवरून समुद्राकडे सरकत असतात. हा कासव महोत्सव आता राज्यभर माहीत आहे. त्याआधी या गावात काय घडलं ते बातम्यांत फारसं येत नाही आणि माझ्या मते खरं मोल त्याचंच आहे. ज्या गावात कासवांची अंडी उकरून खाल्ली आणि विकली जात होती, तिथे ती राखायचं काम बाहेरून आणलेल्या पहारेकऱ्यांकडे गेलं नाही. ते गावातल्याच माणसांनी केलं आणि त्यांतले काही पूर्वी स्वतः अंडी काढणारे होते.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं गाव. सावित्रीच्या मुखावर बाणकोटचा किल्ला, पलीकडच्या तीरावर रायगड जिल्ह्यातलं हरिहरेश्वर आणि अलीकडे डोंगराच्या कुशीत नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेलं वेळास. इतिहासात गावाचं नाव आहे ते नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून. कोकणातल्या कितीतरी गावांसारखी इथलीही घरटी एक-दोन माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला. गणपतीत आणि शिमग्याला घरं भरायची, एरवी मोठ्या घरांतून म्हातारी माणसंच उरायची. पुढे कासवांच्या कामाला गाव का धरून राहिलं, ते समजायला ही परिस्थिती लक्षात ठेवावी लागते.

गावाला समुद्रकिनारा आहे, पण घरं किनाऱ्याला लागून नाहीत. मधे सुरूचं बन आहे आणि रात्री पुळण अंधारी असते. इथे येणाऱ्या ऑलिव्ह रिडली जातीच्या समुद्री कासवाच्या मादीला अंडी घालायला असाच किनारा लागतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, कधी त्याही पुढे, ती रात्री भरतीरेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून पोटाने थापटते आणि निघून जाते. पुन्हा कधी त्या घरट्याकडे फिरकत नाही. आपल्या संतवाङ्मयातली कासवी पैलतीरावरून नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते. खऱ्या समुद्री कासवीला आपली पिल्लं कधी दिसतही नाहीत. अंडी पंचेचाळीस ते साठ दिवस वाळूच्या उबेवर सोडलेली असतात. त्या काळात कोल्हे, कुत्री, मुंगसं, घोरपडी सगळ्यांनाच त्यांचा वास लागतो, आणि माणसाला तर वासाचीही गरज नसते. मादी वर येताना-जाताना वाळूवर जो रुंद पट्टा उमटतो तो पहाटे कुणालाही दिसतो. पट्टा संपतो तिथे काठी टोचून पाहायची. काठी भुसकन आत गेली की खाली अंडी. कोकणातल्या अनेक गावांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं.

कायदा नव्हता असं नाही. ऑलिव्ह रिडली १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. अंडी काढणं हा तुरुंगवासाचा गुन्हा. पण पहाटे चार वाजता पुळणीवर कोण काय उकरतंय हे पाहायला वनखात्याचा माणूस तिथे असणं शक्य नव्हतं. गावातल्या माणसाला आपण काही गुन्हा करतोय याची जाणीव बहुधा नसे. कोंबडीची अंडी गोळा करावीत तितकं ते साधं होतं.

चिपळूणला १९९२ साली सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था सुरू झाली. विश्वास उर्फ भाऊ काटदरे तिचे संस्थापक. तालुक्याच्या गावातल्या पक्षीप्रेमी, निसर्गप्रेमी मंडळींचा हा गट. गिधाडं, समुद्री गरुड, वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरच्या गुहांतल्या पाकोळ्या अशा विषयांवर तो काम करत होता. त्या पाकोळ्यांची लाळेने बांधलेली घरटी चोरून परदेशी विकली जात. तिथे संस्थेच्या लोकांनी वनखात्याला बरोबर घेऊन चोरीला आळा घातला. गुन्हा पकडायचा आणि मग स्थानिक माणसालाच राखणदार करायचं, ही रीत त्यांच्या हाताला तिथेच बसली असावी असं मला वाटतं.

कासवांकडे ते आले तेही पक्ष्यांच्या मागोमाग. पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी शोधत किनारा पालथा घालताना २००२ साली वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. गावात विचारलं तेव्हा लोकांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की इथे कासवं येतात आणि अंडी नेली जातात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात हे प्राणिशास्त्राला ठाऊक होतं, पण ती किती, कुठल्या गावांत आणि त्यांतली किती वाचतात याचा नेमाने कुणी हिशेब ठेवत नव्हतं.

मग जे झालं ते कागदावर अगदी साधं दिसतं. गावातलीच माणसं मानधनावर नेमली गेली. त्यांनी पहाटे अंधारात किनारा चालायचा, पट्टा शोधायचा, काठी टोचायची, खड्डा उकरायचा, अंडी काढायची. म्हणजे काम तेच, हातही तेच, फक्त अंडी बाजारात किंवा घरात जाण्याऐवजी हॅचरीत जायची. यातला शहाणपणा मला फार मोठा वाटतो. घरटं कुठे असेल, मादी अंडी न घालताच परतते तेव्हाचा खोटा पट्टा कसा ओळखायचा, काठी किती दाबायची म्हणजे अंडं फुटणार नाही, हे ज्ञान कुठल्याही पदवीधराकडे नव्हतं. ते अंडी काढणाऱ्याकडेच होतं. त्याला चोर म्हणून बाजूला सारलं असतं तर ते ज्ञानही गेलं असतं आणि गावात एक शत्रू कायमचा उभा राहिला असता.

हॅचरी म्हणजे भरतीच्या पाण्यापासून दूर, वर, जाळीचं कुंपण घातलेला वाळूचा तुकडा. मादीने केला होता तेवढ्याच खोलीचा, तशाच आकाराचा खड्डा तिथे करतात, खाली निमुळता नव्हे तर फुगीर, मडक्यासारखा. अंडी उचलताना उलटीपालटी करायची नाहीत, कारण आतला गर्भ कवचाला चिकटायला लागलेला असतो. घरट्यातली थोडी वाळूही सोबत आणतात. वर पाटी लागते, तिच्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या. दीड महिना झाला की त्या जागेवर टोपली पालथी घालतात आणि रोज सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. पिल्लं वर आलेली असली की ती थेट पाण्यात टाकत नाहीत. लाटेपासून काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि आपली आपण चालू देतात. ज्या किनाऱ्यावर जन्म झाला तिथेच मादी मोठी होऊन परतते आणि त्या ओळखीत या पहिल्या चालीचा वाटा असावा असं मानतात.

पहिल्या हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७००हून जास्त पिल्लं समुद्रात गेली. हजारांतलं एखादंच पिल्लू मोठं होईपर्यंत जगतं, म्हणून हा आकडा ऐकायला जेवढा मोठा तेवढा प्रत्यक्षात नाही. पण त्याआधी या गावातून समुद्रात जाणाऱ्या पिल्लांची संख्या शून्याच्या आसपास होती, हेही तितकंच खरं.

देशात हे पहिल्यांदा घडत नव्हतं. मद्रासच्या किनाऱ्यावर सत्तरच्या दशकात सर्प उद्यानाच्या मंडळींनी अंडी गोळा करून हॅचरी चालवली होती आणि १९८८पासून तिथले विद्यार्थी हंगामभर रात्री किनारा चालत आहेत. ओडिशात गहिरमाथ्याला लाखो माद्या एकदम वर येतात. तिथे तर सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत अंडी गोळा करण्याचे रीतसर परवाने मिळत. गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे नव्वदच्या दशकापासून गावकरी आणि वनखातं घरटी राखत आले. मात्र मोरजीला पर्यटन आधी जोरात आलं आणि कासवांना त्या दिव्यांत, शॅकांच्या गर्दीत जागा मागावी लागली. वेळासला उलटा क्रम मिळाला, आधी कासव आणि मग पर्यटक. हे गावाचं नशीब होतं तसंच काहीसं ठरवून केलेलंही होतं.

कारण मानधन किती वर्षं पुरणार हा प्रश्न संस्थेसमोर होताच. देणग्या आज येतात, उद्या येत नाहीत. २००६पासून कासव महोत्सव सुरू झाला तो या गरजेतून. पिल्लं बाहेर पडण्याच्या दिवसांत लोकांना बोलवायचं, पण त्यांची सोय हॉटेलात न करता गावातल्या घरांत करायची. पडवीत गाद्या, माजघरात पंगत, आमटी-भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी, आणि एखाद्या दिवशी उकडीचे मोदक. मुंबईला गेलेल्या मुलांच्या रिकाम्या खोल्यांना भाडं मिळू लागलं. रांधणाऱ्या बायकांच्या हातात स्वतःचे पैसे आले. कासव मित्र मंडळ उभं राहिलं आणि व्यवस्था हळूहळू गावाने हातात घेतली. संस्था मागे सरत गेली. सरता येणं हेच तिच्या कामाचं यश, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडच्या कित्येक चांगल्या संस्थांना गाव सोडता येत नाही आणि मग संस्था थकली की कामही थकतं.

पैशाने माणसं बांधली जातात, तशी कधी भांडतातही. पाहुणे कुणाकडे उतरवायचे, दर काय घ्यायचा, ज्याच्या घरात जास्तीची खोलीच नाही त्याला यातून काय मिळणार, हे प्रश्न अशा प्रत्येक गावात उभे राहतात. पहाटे किनारा चालणारा आणि पाहुण्यांकडून कमावणारा हे दर वेळी एकाच घरातले नसतात. आणि पिल्लं तारीख पाळत नाहीत. दोन दिवस राहून एकही पिल्लू न दिसता परतणारे पाहुणे असतात. त्यांची नाराजी ऐकून घ्यायची आणि टोपली मात्र वेळेआधी उचलायची नाही, वाळू उकरून पिल्लं काढायची नाहीत, हा निग्रह गावालाच धरावा लागतो.

वेळासनंतर आंजर्ले, केळशी, कोळथरे, गुहागर अशी गावं जोडली गेली. दक्षिणेला वेंगुर्ले तालुक्यातल्या वायंगणीसारख्या गावांत स्थानिकांनी आपल्या पद्धतीने राखण केली. २०१२मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, पुढे त्याला जोडून प्रतिष्ठान आलं आणि घरटी राखणाऱ्या कासवमित्रांचं मानधन, हॅचरीचं साहित्य, नोंदी ठेवण्याची पद्धत यांना सरकारी आधार मिळाला. डिसेंबर २०१८पासून एक वेगळी योजना सुरू झाली. जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित सागरी जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. किनाऱ्यावरच्या राखणीइतकंच मोल मी या योजनेला देतो. मोठी, अंडी देणारी मादी ट्रॉलच्या जाळ्यात गुदमरून मेली तर हजारो पिल्लं सोडूनही ती भरून निघत नाही, आणि खोल समुद्रात तिला वाचवू शकेल असा माणूस फक्त मच्छीमार आहे.

राज्यातल्या घरट्यांची नोंद अलीकडच्या हंगामांत हजाराच्या पुढे गेली. हा आकडा पाहून कासवं वाढली असं लगेच म्हणू नये. पूर्वी मोजणारे कमी होते, आता जास्त गावांत जास्त डोळे पुळणीवर आहेत. ऑलिव्ह रिडली वयात यायला दहा-पंधरा वर्षं घेते. म्हणजे वेळासला सुरुवातीला सोडलेल्या पिल्लांतल्या माद्या जगल्या असतील तर गेल्या दशकात कधीतरी परतू लागल्या असतील. तशा त्या परतल्या का, हे पटवून देणारा पुरावा पिल्लांवर खूण नसल्यामुळे मिळत नाही.

मोठ्या कासवांवर मात्र खूण करता येते. २०२२च्या सुरुवातीला भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन कक्षाने पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. पहिली वेळासला, म्हणून तिचं नाव प्रथमा. मग सावनी, रेवा, वनश्री, लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेपर्यंत गेली. आणि २०२५मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूचा टॅग सापडला, २०२१मध्ये ओडिशात लावलेला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी असं समजून चालणाऱ्यांना त्या एका टॅगने पुन्हा विचार करायला लावलं. गुहागरचा कासवमित्र पहाटे जे घरटं राखतो ते ओडिशाच्या किनाऱ्याचंही असू शकतं.

या सगळ्याला धक्के बसलेच. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली ती ऐन महोत्सवाच्या दिवसांत आणि ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळलं. मंडणगड-दापोलीतल्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली. उभं आयुष्य पाणी घालून वाढवलेली पोफळ एका दुपारी गेली. ज्या घरांत पाहुणे उतरायचे तीच उघडी पडली. तरीही पुढच्या हंगामात पुळणीवर कासवं आली आणि घरटी राखायला माणसंही.

आता पुढ्यात असलेली अडचण पहाऱ्याने सुटणारी नाही. अंड्यातून नर येणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं. साधारण २९ अंशांच्या वर माद्या वाढतात आणि त्याहून बरीच तापली तर अंडी आतल्या आत मरतात. काही वर्षं घरटी हंगामात उशिरा सापडतात, म्हणजे ती एप्रिल-मेच्या तापलेल्या वाळूत उबतात. हॅचरी कुठे करायची, तिच्यावर सावली किती धरायची, की घरटं आहे तिथेच ठेवून फक्त जाळी टाकायची, यावर कासवमित्र, वनखातं आणि अभ्यासक यांच्यात चर्चा चालू आहे. काही किनाऱ्यांवर पुळणच खचते आहे. धूपप्रतिबंधक बंधारा घातला की वाड्या वाचतात, पण मादीला वर चढायला वाळू उरत नाही. बंधारा कुठे नको हे ठरवण्याच्या बैठकीत कासवमित्राला खुर्ची मिळते का, हे प्रत्येक गावात वेगळं आहे.