वेताळाला रक्त कुणी पाजलं? जुन्या कॉमिक्समधल्या रोबोची आणि व्हॅम्पायरची पूर्वपीठिका

नाशिकरोडला जुनी कॉमिक्स जमवणारे आम्ही पाच-सहा जण अधूनमधून रविवारी सकाळी चहाला भेटतो. प्रत्येकाच्या पिशवीत प्लास्टिकच्या पाकिटात घातलेले दोन-चार अंक असतात आणि एकाकडे तरी भिंग असतंच. भिंगाचं कारण या गावात सांगावं लागत नाही. इथे १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, त्याआधी लंडनहून छापून येणारी टपाल तिकिटं इथे छापली जाऊ लागली, पुढे नोटाही आल्या. ज्याच्या घरातलं कुणी ‘प्रेसमध्ये’ होतं, तो चित्र हातात घेतला की आधी छपाई बघतो. त्याला कॉमिकच्या पानावरचा निळा रंग दिसण्याआधी त्यातले ठिपके दिसतात.

परवा आमच्यातल्या सगळ्यात तरुण मुलानं विचारलं, “काका, १९५५ ते १९७० मधले जे अमेरिकन कॉमिक अंक हाती येतात, त्यांत रोबो ढिगानं आहेत. व्हॅम्पायर मात्र जवळजवळ नाहीतच. असं का?” प्रश्न फार नेमका होता. चहा संपला तरी उत्तर संपलं नाही, म्हणून ते इथे लिहून काढतो आहे.

उत्तराची सुरुवात १९५४ सालापासून. त्या वर्षी फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञानं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं. अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीसमोर सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली, तीच कॉमिक्स कोड. त्यात चालती-फिरती प्रेतं, व्हॅम्पायर, नरभक्षण, माणसाचा लांडगा होणं या सगळ्यांवर नावानिशी बंदी होती. कोडचा शिक्का नसलेला अंक विक्रेते सहसा ठेवत नसत. त्यामुळे व्हॅम्पायर रंगीत कॉमिक्समधून जवळपास १७ वर्षं हद्दपार झाला. रोबोबद्दल कोडमध्ये एक अक्षर नव्हतं. लोखंडी माणसाला रक्त नसतं, त्याला कितीही तोडलं-मोडलं तरी चालत होतं.

पण रोबोची गोष्टसुद्धा कोडच्या तावडीतून सुटली नाही, आणि माझ्या मते कॉमिक्सच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोलाचं पान आहे. १९५३ साली ईसी कॉमिक्स या प्रकाशनाच्या ‘वीअर्ड फँटसी’च्या १८व्या अंकात ‘जजमेंट डे’ ही छोटी कथा आली. लेखन अल फेल्डस्टाइन यांचं, चित्रं जो ऑर्लँडो यांची. पृथ्वीवरून आलेला एक अंतराळवीर रोबोंच्या ग्रहाची तपासणी करतो. नारिंगी रोबो आणि निळे रोबो आतून अगदी सारखे, फरक फक्त वरच्या पत्र्याचा. तरीही निळ्यांची वस्ती वेगळी आणि बसमध्ये त्यांची जागा मागे. तुम्ही अजून तयार नाही, असं सांगून तो परत निघतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो आणि कळतं, तो कृष्णवर्णीय आहे. त्याच्या कपाळावरचे घामाचे थेंब ऑर्लँडोनं असे काढलेत की बघताना आपला श्वास थांबतो.

१९५६ साली दुसरी एक कथा कोडनं नाकारली म्हणून ईसीनं हीच कथा पुन्हा छापायचं ठरवलं. कोडच्या प्रमुखांनी अट घातली की त्या माणसाचा रंग बदला. रंग बदलला तर गोष्टच उरत नाही, म्हणून प्रकाशक बिल गेन्स अडून बसले आणि प्रकरण जगासमोर मांडीन असं त्यांनी बजावलं. कथा जशी होती तशीच छापली गेली. तो ईसीचा शेवटचा कॉमिक अंक ठरला.

इथे ‘रोबो’ या शब्दाकडे बघायला हवं. कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकातून तो आला. नाटक १९२० साली छापलं गेलं, १९२१मध्ये प्रागला रंगमंचावर आलं. शब्द सुचवला त्यांच्या चित्रकार भावानं, योसेफनं. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. आपल्याकडे वेठबिगार म्हणतो, तोच अर्थ. आणि चापेकचे रोबो पत्र्याचे नव्हतेच, ते कृत्रिम मांसाचे होते. पत्रा, खिळे, डोळ्यांच्या जागी दिवे हे सगळं पुढे मासिकांच्या मुखपृष्ठांवर चित्रकारांनी चढवलं. मराठीत आपण ‘यंत्रमानव’ म्हणतो. शब्द सुबक आहे, पण त्यातून वेठ गळाली. बसमध्ये मागे बसणारे ऑर्लँडोचे निळे रोबो मूळ शब्दाच्या जास्त जवळ आहेत.

व्हॅम्पायर परत आला तो आधी आडवाटेनं. वॉरेन प्रकाशन कृष्णधवल मासिकं काढत असे. मासिकाच्या आकाराला कोड लागू नव्हता, त्यामुळे १९६९ साली तिथे व्हॅम्पिरेला अवतरली. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ फ्रँक फ्रझेटांचं. १९७१ साली कोड सैल झाला, अभिजात साहित्याच्या वळणाचे व्हॅम्पायर चालतील असं ठरलं आणि त्याच वर्षी स्पायडरमॅनच्या १०१व्या अंकात गिल केननं मॉर्बियस हा व्हॅम्पायर काढला. १९७२पासून जीन कोलननं ड्रॅक्युलाची मालिका केली, सत्तर अंक. कोलनची सावली रेषेनं आखलेली नसते, ती धुरासारखी पसरते. त्या मालिकेचे मूळ काळे-पांढरे फलक, म्हणजे चित्रकाराच्या हातची शाईची पानं, आणि छापील पान शेजारी ठेवून पाहिलं की छपाईनं किती गिळलंय ते कळतं.

आता आपल्या वेताळाकडे येतो, कारण त्या रविवारचा खरा वाद त्यावरच रंगला. वेताळ म्हणजे व्हॅम्पायर का? ही गफलत १८७०ची आहे. त्या वर्षी रिचर्ड बर्टन यांनी वेताळ पंचविशीतल्या अकरा कथा इंग्रजीत आणल्या आणि शीर्षकातच वेताळाला व्हॅम्पायर म्हटलं. अर्नेस्ट ग्रिसेट यांनी त्याला चित्रं काढली. स्टोकर यांचा ड्रॅक्युला त्यानंतर सत्तावीस वर्षांनी आला. पण सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरातला वेताळ शिंशपेच्या झाडावरच्या प्रेतात शिरतो, राजाला गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. राजाच्या मानेला तो दात लावत नाही. उलट कपटी साधूपासून तोच राजाला वाचवतो. आपल्याकडे तर तो भुतांचा राजा आणि त्याचबरोबर रखवालदार. कितीतरी गावांच्या शिवेवर शेंदूर फासलेला वेताळाचा धोंडा असतो, कोकणात-गोव्यात त्याची देवळं आहेत. त्याच्या तोंडाला रक्त लागलं ते भाषांतरात.

म्हणूनच मुंबईच्या टाइम्स समूहानं मार्च १९६४मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली आणि ली फॉक यांचा फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला, तेव्हा ते नाव ज्याला सुचलं त्याची समज मला बर्टनपेक्षा खोल वाटते. जंगलाच्या शिवेवर उभा राहणारा, मरत नाही असा लोकांचा समज असलेला रखवालदार आपल्याकडे आधीपासून होता. १९३६ साली वृत्तपत्रात जन्मलेल्या त्या जांभळ्या माणसाला आम्हा पोरांनी परका मानलंच नाही. सुट्टीत भाड्यानं अंक देणाऱ्या वाचनालयात तो हातोहात जायचा, म्हणून आज मिळणाऱ्या बहुतेक प्रतींच्या पाठीवर शिक्का आणि शिवणीला दोऱ्याची भोकं असतात. काही संग्राहक अशा प्रती नाकारतात. मी त्या आधी उचलतो.

आणि मुळातलं प्रेत? अमेरिकेत चालत्या प्रेताला बंदी होती, त्याच काळात आमच्या घरी ‘चांदोबा’ येत होता. त्याची मराठी आवृत्ती १९५२पासूनची. त्यातल्या विक्रम-वेताळाचं शंकर यांनी काढलेलं चित्र आठवा. स्मशान, कवट्या, उपसलेली तलवार आणि राजाच्या खांद्यावर लोंबणारं पांढरं प्रेत. आया ते मुलांना मांडीवर घेऊन दाखवत. शंकर २०२० साली गेले, पद्मश्री त्यांना पुढच्या वर्षी मरणोत्तर मिळाली.

मूळ फलकांचं मात्र दुःख आहे. अमेरिकन प्रकाशकांनी दशकानुदशकं चित्रकारांना पानं परत दिली नाहीत, बरीचशी फाडली, फेकली. ईसीची वाचली, कारण गेन्स यांनी ती जपून ठेवली होती आणि पुढे ती लिलावात आली. म्हणून १९५३च्या त्या निळ्या-नारिंगी रोबोंची शाईची रेघ आज पाहता येते. त्या रविवारी तरुण मुलानं त्या शेवटच्या चौकटीची मोठी केलेली छापील प्रत आणली होती. आमच्यातल्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या काकांनी ती भिंगाखाली धरली. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग कपाळावरच्या घामाच्या एका थेंबावर बोट ठेवून म्हणाले, “इथे रंग नाही. हा कागद कोरा सोडलाय.”