घनचक्कर : यादीतून गळलेले शिखर

अकोले तालुक्यात प्रवरा आणि मुळा सुरुवातीला जवळजवळ समांतर पूर्वेकडे वाहतात. त्यांच्या मधल्या रांगेवर घनचक्कर (१५३२ मीटर) आणि शेजारचा गवळदेव (१५२२ मीटर) उभे आहेत. उत्तरेला प्रवरेपलीकडे कळसूबाई, दक्षिणेला मुळेपलीकडे हरिश्चंद्रगड. दोन्हीकडे एवढी नावाजलेली मंडळी असल्यावर मधल्याकडे कोण बघणार? बरे, घनचक्कर हा किल्लाही नाही, त्यामुळे बखरी आणि लढायांतून मिळणारी प्रसिद्धीही त्याच्या वाट्याला आली नाही.

खरा घोळ क्रमांकाचा आहे. शालेय भूगोलातून स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत उतरलेली यादी सर्वांना पाठ असते: कळसूबाई १६४६, साल्हेर १५६७, महाबळेश्वर १४३८, हरिश्चंद्रगड १४२४, सप्तशृंगी १४१६, तोरणा १४०४. तिसरे स्थान महाबळेश्वरला. घनचक्कर त्याहून ९४ मीटर उंच असूनही यादीत नाही, गवळदेवही नाही. यादी नीट पाहिली तर ती शिखरांपेक्षा नावाजलेल्या ठिकाणांची वाटते. त्यात गड आहेत, देवस्थाने आहेत, थंड हवेची जागा आहे. महाबळेश्वर तर पठारावर वसलेले गाव. १४३८ मीटर ही तिथल्या विल्सन पॉइंटची उंची.

यावर एक बचाव असा, की यादी ‘प्रमुख’ शिखरांची आहे, सगळ्यांची नव्हे. मान्य. पण मग तिच्याच आधारे ‘तिसऱ्या क्रमांकाचे शिखर कोणते’ असे विचारता कामा नये. दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: गवळदेव स्वतंत्र शिखर धरायचे की घनचक्करच्याच डोंगराचा भाग? दोन शिखरांमधली खिंड किती खोल असली म्हणजे ती वेगळी मानायची, याचा निकष ठरवल्याशिवाय हा वाद मिटणार नाही. मात्र त्याने फरक पडतो तो चौथ्या क्रमांकाला. तिसरा घनचक्करचाच राहतो.

१९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा नावात पुन्हा तीच दोन टोके आली. गेल्या काही वर्षांत भटक्यांचे पाय मात्र इकडे वळू लागले आहेत. शिरपुंज्याच्या भैरवगडावरून घनचक्करचे पठार आणि पुढे गवळदेव अशी चाल ते करतात. भैरवगड बघून माघारी फिरणारे अजूनही पुष्कळ.