हाकुसुईचे धरण : पाणी अडवण्यापेक्षा सोडणे अवघड

जपानच्या क्युशू बेटावर ओइता प्रांतात ताकेता नावाचे डोंगराळ भागातले छोटे शहर आहे. त्याच्या पश्चिमेच्या खेड्यांकडे, ओनो नदीच्या वरच्या अंगाला, दाट झाडीच्या घळीत हाकुसुईचे धरण आहे. उंची जेमतेम १४ मीटर, लांबी सुमारे ८७ मीटर, साठा सहा लाख घनमीटर. आपल्या टीएमसीच्या हिशेबात हा साठा एका टीएमसीचा साधारण पन्नासावा भाग होतो. एवढ्याशा धरणाची दखल कोण घेणार, असे वाटेल. पण जपानमधल्या सर्वांत देखण्या धरणांची नावे निघाली की हाकुसुई त्यात हमखास असते आणि १९९९ मध्ये तिथल्या सरकारने त्याला महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून संरक्षण दिले आहे.

हे देखणेपण मुद्दाम केलेल्या सजावटीतून आलेले नाही. ते एका अडचणीतून आले आहे आणि ती अडचण समजली की धरणाकडे पाहण्याची नजरच बदलते.

अडचणीचे मूळ ज्वालामुखीत आहे. ताकेताच्या पश्चिमेला आसो ज्वालामुखी आहे. त्याचे विवर दक्षिणोत्तर सुमारे २५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १८ किलोमीटर पसरले आहे. कुमामोतो आणि ओइता यांना जोडणारी होही रेल्वे या विवरातूनच जाते, त्यात गावे आहेत, शेती आहे. गेल्या पावणेतीन लाख वर्षांत आसोचे चार प्रचंड उद्रेक झाले. त्यांतला शेवटचा सुमारे ९०,००० वर्षांपूर्वीचा. त्याची राख पार उत्तरेकडच्या होक्काइदो बेटापर्यंत जाऊन पडली. जवळच्या प्रदेशावर तर तापलेली राख, वायू आणि प्युमिस दगड यांचे लोट जमिनीलगत धावत गेले आणि दऱ्याखोरी भरून गेली.

सह्याद्रीचा काळा कातळही ज्वालामुखीचाच. पण तो वाहत्या लाव्हापासून बनला, घट्ट आणि कठीण. म्हणून आपल्याकडच्या धरणांना बऱ्याच ठिकाणी पायाला भक्कम बेसाल्ट मिळाला. आसोच्या लोटांचा खडक एकसारखा नाही. थराच्या मधला, सर्वांत जास्त काळ तापलेला भाग स्वतःच्याच वजनाने दबून चिकटला आणि त्याचा बऱ्यापैकी टिकाऊ दगड झाला. भूशास्त्रज्ञ त्याला वेल्डेड टफ म्हणतात. या भागातले दगडी पूल आणि जलसेतू याच दगडाचे आहेत. मात्र थराचा वरचा आणि खालचा भाग लवकर थंड झाला, नीट चिकटलाच नाही. तो ठिसूळ, सच्छिद्र राहिला. वरून जोराचे पाणी पडले तर असा खडक झिजतो, उकरला जातो. हाकुसुईच्या पायाशी आणि दोन्ही काठांना भरवशाचा खडक नव्हता.

मग अशा जागी धरण बांधायचेच कशाला? ओनो नदी इथे खोल घळीतून वाहते आणि भातशेती करण्याजोगी जमीन वर, पठारावर आहे. नदी डोळ्यांसमोर असूनही शेत कोरडे, अशी स्थिती. त्यावर उपाय म्हणून १९१० च्या दशकात फुजिओ कालवा खणला गेला. पण कालवा केला म्हणजे पाणी आले असे होत नाही. भात लावणीच्या दिवसांत सगळ्यांना एकदमच पाणी लागते आणि दुष्काळी वर्षात नदीच आटते. म्हणून इतर महिन्यांतले पाणी साठवून ते भाताच्या हंगामात सोडणारा जलाशय हवा होता. १९३४ मध्ये काम सुरू झाले आणि १९३८ मध्ये पूर्ण झाले. आराखडा ओइता प्रांताच्या सेवेतले अभियंते ओनो यासुओ यांचा.

धरण भारस्थायी पद्धतीचे आहे, म्हणजे स्वतःच्या वजनावर उभे राहणारे. आत दगडगोटे घालून ओतलेले काँक्रीट, बाहेरून घडीव दगड. भिंतीवर येणारा पाण्याचा रेटा जलाशयात किती पाणी आहे यावर ठरत नाही, तो पाण्याच्या खोलीवर ठरतो. मागे मैलभर तळे असो किंवा दहा मीटरचा हौद, खोली सारखी असेल तर रेटाही सारखाच. १४ मीटर खोलीला भिंतीच्या दर मीटर लांबीवर जवळपास १०० टनांचा जोर येतो. खोली दुप्पट केली तर हा जोर चौपट होतो. १४ मीटरसाठी पुरेशी जाड भिंत उभारणे १९३० च्या दशकातल्या अभियंत्याला नवे नव्हते. पाणी अडवण्याचा भाग तसा सुटलेला होता.

खरा प्रश्न पाणी सोडण्याचा. अशा लहान धरणांना त्या काळी मोठे लोखंडी दरवाजे बसवत नसत. जलाशय भरला की जादा पाणी थेट भिंतीच्या माथ्यावरून वाहू द्यायचे, म्हणजे अख्खी भिंतच सांडवा. उत्तर जपानमध्ये अकिता शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी १९११ मध्ये पूर्ण झालेले फुजिकुरा धरणही असेच माथ्यावरून वाहते. आता हिशेब करून पाहा. १४ मीटरवरून अडथळ्याविना पडणारे पाणी तळाला पोहोचेपर्यंत सेकंदाला १६ ते १७ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेग घेते. समजा पावसाळ्यात दर सेकंदाला १० घनमीटर पाणी येते आहे. ते पायथ्याशी साधारण १,४०० किलोवॅट या दराने ऊर्जा ओतत राहील, रात्रंदिवस, एकाच पट्ट्यावर.

ही ऊर्जा कुठे तरी खर्ची पडणारच. कठीण कातळ असेल तर ती भोवरे, आवाज आणि किंचितशी उष्णता यांत जिरते. ठिसूळ राखखडक असेल तर ती खड्डा खणते. खड्डा मागे सरकत भिंतीच्या पायाखाली जातो आणि वजनावर उभ्या असलेल्या भिंतीखालची जमीनच निघून जाते. त्याहून वाईट म्हणजे काठ. भिंतीची टोके जिथे डोंगरात रुततात तिथला खडक उकरला गेला, तर नदी भिंतीला वळसा घालून बाजूने वाट काढते. भिंत शाबूत राहते आणि धरण मात्र गेलेले असते.

ओनो यासुओंनी पाण्याला पायथ्याशी पोहोचण्याआधीच दमवायचे ठरवले. त्यासाठी भिंतीचा एकच उतार न ठेवता तिचे तीन वेगळे भाग केले. मधल्या भागात घडीव दगडांचा तिरका उतार आहे. डाव्या काठाला पायऱ्या आहेत. (नदीचे काठ प्रवाहाच्या दिशेला तोंड करून मोजतात. धरणाच्या खालच्या बाजूला उभे राहून वर पाहिले, तर या पायऱ्या आपल्या उजव्या हाताला येतात.) उजव्या काठाला भिंत वळत वळत पुढे येते. ताकेताच्या ओका किल्ल्यासारख्या जपानी किल्ल्यांच्या तटांना खाली पसरत जाणारा असाच बाक असतो.

पायऱ्यांचे काम आधी पाहू. पाणी थोडे असेल तेव्हा ते प्रत्येक पायरीवर आदळते, उसळते, थांबल्यासारखे होते आणि पुढच्या पायरीवर पडते. एका मोठ्या उडीऐवजी अनेक लहान उड्या. प्रत्येक उडीत मिळालेला वेग तिथल्या तिथे संपतो. पाणी वाढले की चित्र बदलते. वरचा प्रवाह पायऱ्यांच्या कडांना शिवत सलग निघून जातो, पण पायऱ्यांच्या कोनाड्यांत अडकलेले पाणी आडव्या भोवऱ्यांसारखे फिरत राहते. हे भोवरे फिरवत ठेवण्यासाठी वरच्या प्रवाहालाच आपली ऊर्जा द्यावी लागते. म्हणजे दोन्ही वेळी पायऱ्या पाण्याची ताकद काढून घेतात, फक्त पद्धत वेगळी.

उजव्या बाजूची युक्ती मला सर्वांत सुंदर वाटते. तिथे काठाजवळ पडणाऱ्या पाण्याला वक्र पृष्ठभाग घसरगुंडीसारखा बाजूला वळवतो आणि नदीच्या मध्याकडे सोडतो. मधल्या उतारावरून येणारा प्रवाह आणि हा बाजूचा प्रवाह एकमेकांवर आदळतात. जी ऊर्जा काठाचा खडक फोडू शकली असती, ती पाण्याने पाण्याशी झगडण्यात खर्च होते. काठाला धक्का लागत नाही आणि तळाशी पाणी बरेच नरम होऊन पोहोचते.

आता मधल्या उताराकडे जरा वेळ टक लावून पाहायला हवे. पाणी तिथे सपाट चादरीसारखे येत नाही. त्यात आडव्या लाटांच्या ओळी उमटतात आणि एकामागोमाग एक खाली उतरत राहतात. पातळ थर तीव्र उतारावरून धावतो तेव्हा त्यात कुठे तरी किंचित जाड जागा तयार होतेच. जाड थराला तळाच्या घर्षणाची अडचण तुलनेने कमी, म्हणून तो पुढच्या पातळ पाण्यापेक्षा वेगाने सरकतो, त्याला गाठतो, गिळतो आणि आणखी जाड होतो. पुढची कड उभी होत जाते, शेवटी फुटते. तेवढ्याच खोलीच्या संथ पाण्यात लाट ज्या वेगाने सरकते, त्याच्या साधारण दुपटीहून प्रवाहाचा वेग जास्त झाला की हे घडू लागते. फुटणारी प्रत्येक कड हवा आत ओढते. खडबडीत दगड त्यात भर घालतात. हवेच्या असंख्य बुडबुड्यांवर प्रकाश पुन्हा पुन्हा वळतो आणि सगळे रंग सारख्याच प्रमाणात विखुरले जातात, म्हणून पाणी पांढरे शुभ्र दिसते. हा पांढरा रंग म्हणजे ऊर्जा जिरत असल्याची खूण आहे. पाहणाऱ्याला जिथे नक्षी दिसते, नेमके तिथेच पायथा वाचवण्याचे काम चाललेले असते.

घडीव दगडांचाही यात वाटा आहे. झिजवणाऱ्या पाण्यापुढे ते काँक्रीटचे चिलखत होतात, आणि त्या काळी असे दगड आधी रचून आतले काँक्रीट ओतताना त्यांचाच साचा म्हणून उपयोग करत. उजवीकडचा बाक तयार करताना मात्र प्रत्येक दगडाचा कोन वेगळा. तो छिन्नीने घडवणाऱ्या पाथरवटांची नावे कोणत्याही पाटीवर शोधून सापडणार नाहीत, पण त्यांच्या हातांचा अचूकपणा आजही पाण्याच्या एकसारख्या पडद्यात दिसतो.

पायऱ्यांचा सांडवा ही फार जुनी कल्पना. मध्यंतरी ती मागे पडली, कारण मोठ्या काँक्रीट धरणांना गुळगुळीत उतार आणि तळाशी ऊर्जा जिरवणारे खोल कुंड सोयीचे वाटले. १९८० च्या दशकात रोलरने दाबून थर रचलेल्या काँक्रीटची धरणे बांधली जाऊ लागली. अशा बांधकामात थरावर थर चढताना पायऱ्या जवळजवळ आपोआपच मिळतात, आणि तळाचे कुंड लहान करता येते. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये पायऱ्यांवरच्या प्रवाहाचा बारकाईने अभ्यास झाला आहे.

हाकुसुई पाहायला जाणाऱ्याने हंगाम बघून जावे. भातासाठी पाणी ओढले जात असते तेव्हा जलाशयाची पातळी माथ्याखाली जाऊ शकते आणि मग दिसते ती कोरडी दगडी भिंत. तीही पाहण्यासारखी असते, कारण पायऱ्या आणि बाक यांची रचना उघडी पडते. जलाशय काठोकाठ भरलेला असताना पाणी माथ्यावरून अखंड वाहते. धरण आजही वापरात आहे. कालव्याला पाणी देणे हेच त्याचे काम, आणि पाहुण्यांना जो पडदा दिसतो ते शेतांच्या गरजेपेक्षा जास्त झालेले पाणी असते.